जाहीर लिलावाची सूचना : भाषा आणि अधिकार

मराठीतील ‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला, हे व्युत्पत्तीच्या अभ्यासकांस परिचित आहे. हिंदी ‘नीलाम’ आणि मलय ‘लेलांग’ हे त्याचेच भाऊबंद होत. त्या पोर्तुगीज शब्दाचे मूळ अरबीत शोधले जाते, आणि तेथे त्याचा अर्थ ‘विकणे’ असा नसून ‘जाहीर करणे, कळविणे’ असा आहे. म्हणजे विक्री हा या शब्दाचा मागाहून चिकटलेला अर्थ होय. मूळ कल्पना दवंडीची. बँकांनी जप्त केलेली वाहने व इतर तारण मालमत्ता जाहीर लिलावाने विकण्याची जी पद्धती आज रूढ आहे, तिच्या कायद्यातही हा जुना अर्थ टिकून राहिलेला दिसतो. सूचना सदोष असेल तर विक्री टिकत नाही.

या विक्रीचा मुख्य आधार 2002 चा कायदा हा होय. बोलण्यात तो ‘सरफेसी’ या आद्याक्षरी नावाने ओळखला जातो. कर्ज थकीत ठरल्यावर बँकेने कर्जदारास साठ दिवसांची मागणी-सूचना द्यावयाची, त्या मुदतीत फेड न झाल्यास तारणाचा ताबा घ्यावयाचा, आणि पुढे विक्रीची निदान तीस दिवसांची सूचना द्यावयाची, असा त्याचा क्रम आहे. जाहीर लिलाव करावयाचा असल्यास ती सूचना दोन प्रमुख वृत्तपत्रांत प्रसिद्ध व्हावी व त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील असावे, असे त्याखालील नियम सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली मॅथ्यू वर्गीस यांच्या खटल्यात या सूचनेच्या अटी बंधनकारक ठरविल्या. स्थानिक भाषेचा आग्रह यास्तव शोभेचा नाही. तारण ज्या परिसरात आहे तेथील माणसास काय विकले जात आहे हे कळावे, हा त्याचा हेतू उघड आहे.

हा हेतू कितपत साधतो, हे पाहण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेता येईल. राजगडाच्या पायथ्याशी असलेल्या गुंजवणे गावातील एखाद्या गृहस्थास मालवाहू टेंपो घ्यावयाचा आहे. नवा परवडत नाही, म्हणून तो मराठी वृत्तपत्रातील लिलावाची सूचना वाचावयास घेतो. त्याच्यापुढे जी वाक्ये येतात त्यांत विक्री ‘जे आहे जेथे आहे’, ‘जे आहे जसे आहे’ आणि ‘जे काही आहे तेथे आहे’ या तत्त्वावर होईल, असे शब्द असतात. शब्द सगळे ओळखीचे आहेत. अर्थ मात्र लागत नाही.

या तिहेरी सूत्राची थोडी फोड करणे अवश्य आहे. इंग्रजी मूळ सूत्रातील पहिला भाग वस्तूची स्थिती आणि ठिकाण सांगतो, दुसरा तिचे स्वरूप सांगतो, आणि तिसरा ‘जेवढे व जे काही असेल तेवढे’ अशा अर्थाने तिचा विस्तार सांगतो. मराठीत पहिल्या भागातील ‘जसे’ जाऊन ‘जे’ आले, त्यामुळे स्थितीचा अर्थ गळाला. तिसऱ्या भागातील चूक अधिक बोलकी आहे. इंग्रजीत त्या ठिकाणी येणारे स्थलवाचक दिसणारे पद वस्तुतः स्थलवाचक नाही. ते केवळ अस्तित्व दर्शविणाऱ्या वाक्यरचनेचे अंग आहे. मराठीस अशा रिकाम्या पदाची गरज पडत नाही, कारण ‘घरात माणसे आहेत’ या वाक्यात ‘आहेत’ हेच पुरते. भाषांतरकाराने त्या पदास ‘तेथे’ हा प्रतिशब्द दिला आणि अस्तित्वाचे विधान ठिकाणाचे विधान झाले. ‘असेल त्या स्थितीत, असेल त्या जागी, असेल तेवढे’ एवढे साधे मराठी उपलब्ध असता ही रचना छापली जाते, हे नवल आहे.

प्रश्न केवळ शैलीचा असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. या सूत्राने सारी जोखीम खरेदीदाराकडे जाते. यंत्रात बिघाड असो, कर वा दंड थकलेला असो, विमा संपलेला असो, विकणारी बँक सामान्यतः त्याची हमी घेत नाही. लिलावापूर्वी पाहणीसाठी जो दिवस नेमलेला असतो, त्याचे महत्त्व या वाक्यावरून कळावयास हवे. आणि नेमके हेच वाक्य वाचकास दुर्बोध असते. त्यातच काही सूचनांच्या तळाशी बारीक अक्षरांत अशी टीप आढळते, की हा स्वैर अनुवाद असून शंका आल्यास इंग्रजी मसुदा ग्राह्य धरावा. मराठी सूचना कायद्याने आवश्यक केली, आणि तिचे प्रामाण्य तिनेच नाकारले, असा हा विचित्र प्रकार होय.

सूचनेतील क्रियापदांकडेही लक्ष द्यावयास हवे. ‘ताबा घेण्यात आला आहे’ या कर्मणी रचनेत ताबा कोणी व कसा घेतला हे सांगावे लागत नाही. वाहनांच्या बाबतीत हा कर्ता फार महत्त्वाचा असतो. बँकांनी गुंडांकरवी वाहने ओढून नेऊ नयेत, असे सर्वोच्च न्यायालयास 2007 साली प्रकाश कौर यांच्या प्रकरणात बजवावे लागले होते. ‘ताबा’ या नामामागील विशेषणही तपासून घ्यावे. स्थावर मालमत्तेच्या सूचनेत ते ‘प्रतीकात्मक’ असेल, तर घराला अद्याप आतल्या माणसाचेच कुलूप आहे, असे समजावे.

याउलट जुन्या मराठी व्यवहारातील ‘नजरगहाण’ हा शब्द पाहावा. वस्तू ऋणकोच्या हाती, सावकाराची तिच्यावर केवळ नजर; वाहनकर्जाचे सारे स्वरूप या एका समासात आले आहे. बँकेची ही नजर वाहनाच्या नोंदणी-प्रमाणपत्रावर टिपलेली असते. ऋणको ते प्रमाणपत्र देत नसेल तर नवे प्रमाणपत्र स्वतःच्या नावे काढून घेण्याची सोय 1988 च्या मोटार वाहन कायद्याने धनकोस दिली आहे. टेंपो घेणाऱ्याने त्याची विचारणा आधी करावी, कारण वाहन दारात उभे आणि नाव मात्र दुसऱ्याचे, अशी स्थिती त्याच्या पदरी येऊ शकते.

स्थावराच्या लिलावात कालमर्यादा कडक असतात. बोली मान्य होताच त्या दिवशी, फार तर पुढील कामाच्या दिवशी, किंमतीचा चतुर्थांश भरावा लागतो. उरलेली रक्कम साधारणतः पंधरा दिवसांत भरावयाची असून लेखी संमतीने ती मुदत वाढते, पण तीन महिन्यांपलीकडे नाही. ती चुकल्यास भरलेला चतुर्थांश जप्त होतो. बँकेचे प्रत्यक्ष नुकसान झालेले नसले तरी ही जप्ती वैध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये ठरविले. कर्जदाराच्या बाजूने पाहता 2016 च्या दुरुस्तीने त्याचा तारण सोडविण्याचा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्यापर्यंतच राहिला. ठाणे जिल्ह्यातील एका मालमत्तेसंबंधीच्या बाफना मोटर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. जी सूचना खरेदीदारास निमंत्रण असते, तीच ऋणकोचे दार बंद करते.

गुंजवण्यासारख्या भातशेतीच्या गावात आणखी एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. सरफेसी कायदा शेतजमिनीस लागू नाही. ही सावधगिरी जुनी आहे : 1875 साली सुप्यात सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली, आणि त्यानंतरच्या 1879 च्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत, खास गहाण न दिलेली शेतकऱ्याची स्थावर मिळकत हुकूमनाम्यापोटी विकण्यास बंदी केली. राजगडाचा मुलूख तेव्हा भोर संस्थानात होता. सहकारी संस्थांच्या वसुलीचा मार्ग मात्र निराळा आहे. 1961 च्या सहकारी संस्था नियमांप्रमाणे खरेदीदाराने तत्काळ पंधरा टक्के भरावयाचे असतात, आणि ऋणकोस विक्रीनंतरही तीस दिवसांत देणे व खरेदीदारासाठी पाच टक्के भरून ती रद्द करून घेता येते. याच नियमांनी विक्रीची घोषणा कचेरीत चिकटविण्याबरोबर गावात दवंडी पिटून करण्याचीही आज्ञा केली आहे. दवंडीस स्वैर अनुवादाची टीप जोडता येत नाही.