दुरंगी गुराब

आज माझ्यासमोर टेबलावर दोन जहाजं आहेत. पुस्तकात वाचणाऱ्यांना ती दिसणार नाहीत, म्हणून सांगतो. दोन्ही लाकडाची, दीड-पावणेदोन फुटांची, दोन डोलकाठ्यांची, दोन्हींवर भगवा. डावीकडचं एकाच रंगाचं, पॉलिश केलेलं, देखणं. उजवीकडचं दुरंगी. काही फळ्या गडद, काही फिकट, जणू लाकूड कमी पडलं म्हणून मिळेल ते लावलंय. यातलं डावीकडचं जहाज चुकलेलं आहे. ते कसं चुकलं आणि उजवीकडचं दुरंगी का, हे आज सांगतो. बांधणी कशी करतात ते त्या ओघात येईलच.

आधी एका प्रश्नाचा निकाल लावतो, कारण तो प्रत्येक भागाखाली येतो. सिलतऱ्यात बसून जहाजं कसली बांधता? इथून जवळचा समुद्र म्हणजे पुरी नाहीतर विशाखापट्टणम, पाचशे-सहाशे किलोमीटर. सिलतऱ्यात आहेत स्पंज आयर्नच्या भट्ट्या आणि चिमण्या. शीड रात्री उघडं ठेवलं तर सकाळी करडं झालेलं असतं. शिवाय मी फौजी, तोही तोफखान्यातला, नौदलातला नव्हे. पण फौजेत आम्ही सँड मॉडेल बनवतो. मोहिमेआधी जमिनीवर वाळू-माती पसरून डोंगर, नाला, रस्ता, शत्रूची ठाणी उभी करतात आणि त्याभोवती उभं राहून बेत समजावतात. नकाशावर नाला ही एक निळी रेघ असते. वाळूत तो खोदायला घेतला की विचारावं लागतं, कुठला काठ उंच? किती उंच? मॉडेलमध्ये मोघम बोलता येत नाही. जहाजाचंही तसंच आहे. पुस्तकात ‘जहाज पुढे निमुळतं होतं’ एवढं लिहून भागतं. पटाशी हातात घेतली की ती विचारते, किती?

तर हे डावीकडचं जहाज. रायपुरात भोसल्यांच्या काळापासून मराठी घरं आहेत आणि दिवाळीत किल्ला करायची हौस अजून टिकून आहे. एका वर्षी मुलांनी विजयदुर्ग करायचं ठरवलं आणि मला म्हणाली, आजोबा, आंग्र्यांचं जहाज तुम्ही द्या. मी चार महिने खपून गुराब केली. गुराब म्हणजे मराठी आरमारातलं मोठं लढाऊ जहाज, आणि गलबत हे त्याच्या जोडीचं लहान, वल्ह्यांचं. किल्ल्याशेजारी निळ्या कागदावर गुराब ठेवली, लोकांनी फोटो काढले. तिथे रत्नागिरीकडचे एक काका आले होते, मुलाकडे दिवाळीला आलेले, उभं आयुष्य होड्या-मचव्यांवर गेलेलं. त्यांनी वाकून पुढून पाहिलं, बाजूने पाहिलं आणि म्हणाले, “कर्नलसाहेब, काम सुरेख आहे. पण हे जहाज इंग्रजांचं आहे. झेंडा तेवढा आपला.”

राग आला, खोटं कशाला बोलू. पण रात्री घरी येऊन मी कशावरून काम केलं ते कागद काढले, आणि काकांचं म्हणणं खरं निघालं. माझ्यासमोर जे आराखडे होते ते सगळे युरोपी फ्रिगेटचे. मी फ्रिगेट लहान केलं, एक डोलकाठी कमी केली आणि वर भगवा लावला.

यात एक अडचण मुळातली आहे. युरोपात जहाजं कागदावरून बांधायची पद्धत लवकर रुजली. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून जहाजाबरोबर त्याची लाकडी प्रतिकृतीही करत. ग्रीनिचच्या संग्रहालयात तशा कितीतरी आहेत, खालच्या फळ्या न लावता आतल्या बरगड्या दिसाव्यात अशा उघड्या ठेवलेल्या. मुंबईत वाडियांनी १८१७ साली सागवानात बांधलेलं त्रिंकोमाली हे जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला उभं आहे. ज्याला ते करायचंय त्याला आराखडे मिळतात, खरं जहाजही बघता येतं. आपल्याकडे बांधणी मिस्त्रीच्या हातात आणि डोळ्यात असायची. गुराब बांधणाऱ्यांनी काढलेला एकही आराखडा माझ्या हाती लागलेला नाही. जहाजं म्हणावीत तर तुळाजी आंग्र्यांचं आरमार फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरातच जळून गेलं. वॉटसन आणि क्लाईव्ह चालून आले होते, आणि पेशवे त्या वेळी इंग्रजांच्या बाजूने होते. हे वाक्य आपण जरा घाईने वाचून पुढे जातो.

मग उरतं काय? शत्रूने लिहिलेलं. रॉबर्ट ऑर्म हा कंपनी सरकारचा इतिहासकार. त्याच्या ग्रंथाचा पहिला खंड १७६३ साली छापला गेला, म्हणजे विजयदुर्ग पडल्यानंतर सातच वर्षांनी. त्यात त्याने गुराब आणि गलबत यांचं वर्णन केलंय, आणि ते इतकं नेमकं आहे की मी ते चार वेळा वाचलं. तो सांगतो ते माझ्या शब्दांत असं. गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. दोनवाली दीडशे टनांपर्यंत, तीनवाली तीनशेच्या आसपास. पाण्यात फार खोल बसत नाही. लांबीच्या मानाने चांगलीच रुंद, पण मध्यापासून टोकाकडे निमुळती होत जाणारी. आणि पुढे, जिथे इंग्रजी जहाजाची फुगीर छाती असते, तिथे गुराबेला लांब बाहेर आलेली नाळ. त्या नाळेवर भक्कम तक्तपोशी, मुख्य डेकच्याच पातळीवर. पण तिला बाजूचे कठडे नाहीत! समोरून लाट आली की जहाज जोराने डुबकी मारतं, पाणी नाळेवर चढतं, ते अडकू नये, दोन्ही बाजूंनी वाहून जावं म्हणून ती उघडी. नाळ आणि डेक यांच्यामध्ये आडवी लाकडी भिंत, भिंतीला दोन भोकं, आणि त्यांतून पुढे तोंड केलेल्या दोन तोफा, नऊ किंवा बारा पौंडी, नाळेवरून मारा करणाऱ्या.

हे वाचलं आणि माझ्यातला तोफखान्याचा माणूस जागा झाला. इंग्रजी जहाजाचा मारा बाजूने. समोरून किंवा मागून येणाऱ्यावर त्याच्या फारच थोड्या तोफा चालतात. ऑर्मच सांगतो की आंग्र्यांची जहाजं सावजाच्या मागे गोळा होत, आणि वारा पडला असेल तर गलबतं वल्ही मारत गुराबांना दोराने ओढत नेत. म्हणजे शत्रूच्या बाजूच्या तोफांसमोर जायचंच नाही. मागे राहायचं आणि आपल्या पुढच्या दोन तोफांनी त्याच्या डोलकाठ्या पाडायच्या. ती उघडी नाळ आणि त्या दोन तोफा हा या सगळ्या डावपेचाचा पाया आहे. मी काय केलं होतं? पुढे कठडे लावले, तोफा सगळ्या बाजूला लावल्या. माझी गुराब लढायला गेली असती तर इंग्रजांसारखी लढून इंग्रजांकडून हरली असती.

तेव्हा दुसरी बांधायला घेतली.

पहिला प्रश्न मापाचा. मी १:४८ प्रमाण वापरतो, म्हणजे खऱ्यातला एक फूट तो प्रतिकृतीत पाव इंच. हिशेब सोपा आणि काम डोळ्यांना झेपेल इतकं मोठं. पाच फूट सात इंचांचा माणूस साडेतीन सेंटिमीटरचा होतो. दोन इंची फळी मिलिमीटरभराची. नऊ पौंडी तोफेचा गोळा साधारण चार इंचांचा, तो दोन मिलिमीटरचा होतो, म्हणजे मोहरीचा मोठा दाणा! मी मोहरीच वापरली आहे, वर लाखेचा एक हात देऊन. घरातून परवानगी घेऊन.

पण ऑर्म टन सांगतो, लांबी-रुंदी सांगत नाही. तेव्हा उलटा हिशेब केला. इंग्रजांचा जुना टनाचा नियम असा: लांबीतून रुंदीचे तीन पंचमांश वजा करायचे, उरेल त्याला रुंदीने गुणायचं, पुन्हा निम्म्या रुंदीने गुणायचं आणि ९४ ने भागायचं. नाळ सोडून लांबी ७२ फूट आणि रुंदी २२ फूट धरली तर उत्तर १५१ येतं. हे दीडशे टनांत बसतं आणि ‘लांबीच्या मानाने रुंद’ यातही बसतं. प्रतिकृतीत ते झालं अठरा इंच आणि साडेपाच इंच. पण ६८ आणि २३ घेऊनही आकडा जवळपास तिथेच येतो. तेव्हा हे माप माझं आहे, ऑर्मचं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, दुरंगीपणा इथूनच सुरू होतो.

आता लाकूड. बाहेरच्या किटमध्ये बासवुड, अक्रोड, बॉक्सवुड असतं. इथे त्याची गरज नाही. छत्तीसगडच्या जंगलात हल्दू आहे, आपण ज्याला हेदू म्हणतो तो. पिवळसर, बारीक पोताचा, कोपरे न तुटता कापला जातो. शिवण आहे, इथे खम्हार म्हणतात, हलकं आणि कोरायला गोड. साल मात्र घेऊ नका, जड आणि भरड. सागाचे तुकडे फर्निचरवाल्याकडे मिळतात. सागाचे रेषे एवढ्या लहान मापाला मोठे दिसतात खरे, पण बारीक रेषांचा तुकडा निवडून घेतला तर चालतं. हत्यारांचं म्हणाल तर हॅकसॉचं मोडकं पातं ग्राइंडरवर घासून घ्या, त्यापेक्षा चांगली सुरी विकत मिळत नाही. सिलतऱ्यात मोडक्या पात्यांना तोटा नाही.

आधी कणा, म्हणजे तळाचं लांब लाकूड. त्यावर बरगड्या, मी सतरा घेतल्या. बरगड्यांच्या कडा तिरप्या घासाव्या लागतात, कारण फळी मध्यावर सरळ बसते पण टोकाकडे वळत जाते. नवशिके इथे चुकतात. कड चौकोनी ठेवतात आणि मग फळी नुसती टोकावर टेकते. फळ्या टोकाकडे अरुंद कराव्या लागतात, नाहीतर जहाजाच्या पुढे जागा कमी आणि फळ्या जास्त होतात. वळवायच्या आधी गरम पाण्यात वीस मिनिटं, मग इस्त्रीच्या कडेवर हळूहळू. घाई केली की कट्‌ आवाज येतो आणि तुम्ही नवीन फळी कापायला घेता.

आणि रायपूरच्या हवेचा धडा. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं आणि फुगतं. मी पहिल्या जहाजाच्या फळ्या भर मे महिन्यात लावल्या, पंचेचाळीस डिग्रीत, लाकूड पापडासारखं कोरडं. जुलैत पाऊस आला, फळ्या फुगल्या, जागा नव्हती, दोन उचलून बाहेर आल्या. पावसाळ्यात लावल्या असत्या तर उन्हाळ्यात फटी पडल्या असत्या. तेव्हा फळ्यांचं काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. बाकीच्या महिन्यांत तोफा, दोर, कप्प्या करा.

आता रंगाचं. ऑर्मने जे स्पष्ट सांगितलंय ते सगळं मी गडद सागात केलं: नाळ, तिची उघडी तक्तपोशी, आडवी भिंत, तोफांची भोकं, दोन डोलकाठ्या. जे मी ठरवलं ते फिकट हल्दूत: मागचा भाग, सुकाणूचा आकार, डेकवरच्या झडपा, बाजूच्या फळ्यांची रुंदी. बघणाऱ्याला न विचारता कळावं की कर्नल कुठे पुराव्यावर बोलतोय आणि कुठे अंदाजावर. खरं सांगतो, फिकट भाग जास्त निघाला. पहिल्यांदा सगळं जोडून पाहिलं तेव्हा जरा ओशाळल्यासारखं झालं. पण मुलं किल्ला बघायला येतात आणि जे दिसेल ते इतिहास म्हणून घरी नेतात.

पॉलिश करायच्या आधी एक परीक्षा घेतली. गावातल्या तळ्यावर दोन्ही जहाजं नेली. (रायपुरात तेलीबांधा तलावाला लोक मरीन ड्राइव्ह म्हणतात, पण तिथे गर्दी फार.) पोटात शिशाचे तुकडे ठेवून दोन्ही सारख्या खोलीवर बसवली. शिडं लावली नाहीत. लहान जहाजाला वारा मोठ्यापेक्षा जास्त छळतो; वाऱ्याचा उलटवायचा जोर मापाच्या घनाने कमी होतो आणि जहाजाची सावरायची ताकद चौथ्या घाताने, म्हणून अशी प्रतिकृती शीड लावताच आडवी होते. दोराने ओढली. दोन पोरांनी पाट्याने लाटा केल्या, दोन सेंटिमीटरच्या, म्हणजे खऱ्यातल्या मीटरभराच्या. दोन्हींनी डुबकी मारली. कठडेवाल्याच्या पुढच्या भागात पाणी साठलं, नाक जड झालं, पुढची लाट आणखी आत आली आणि पाचव्या-सहाव्या लाटेला ते नाकावर उभं राहायला लागलं. उघड्या नाळेची गुराब प्रत्येक लाटेला डोकं बुडवून वर यायची, पाणी दोन्हीकडून ओघळून जायचं. एवढ्या लहान मापात पाणी खऱ्यासारखं वागत नाही, थेंब चिकटून राहतात, त्यामुळे याला प्रयोगशाळेचा निकाल म्हणणार नाही. पण ऑर्मच्या एका वाक्याचा अर्थ मला गुडघाभर पाण्यात उभा राहून कळला.

हीच कसरत नौदलाने पूर्ण मापात केली आहे. अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातल्या एका चित्रावरून, आराखडा नसताना, गोव्यात काथ्याने फळ्या शिवून जहाज बांधलं. कणा सप्टेंबर २०२३ मध्ये बसवला, आणि मे २०२५ मध्ये कारवारला ‘कौंडिण्य’ नावाने ते नौदलात आलं. चित्र सपाट असतं, पाण्याखालचा आकार त्यात येत नाही. म्हणून आयआयटी मद्रासमध्ये आधी प्रतिकृतीवर चाचण्या घेतल्या. म्हणजे तिथेही निवाडा झाला तो पाण्यात लहान जहाज ओढूनच. फरक इतकाच की त्यांना लाटा करायला पोरं लागली नसतील.

दुरंगी गुराबेचे फोटो मी काकांना रत्नागिरीला पाठवले. दोन दिवस उत्तर नाही. मग फोन आला. नाळ बरी आहे म्हणाले. मागचा भाग कशावरून केलात असं विचारलं; मी म्हटलं, काका, म्हणून तर तो फिकट आहे. हसले. मग म्हणाले, “पण शीड कोणी शिवलं? एका तुकड्याचं शीड कुठे असतं का? पट्ट्या जोडतात पट्ट्या.” तेव्हा शीड उतरवलं आहे. दोन फुटी पट्टी म्हणजे आपल्या मापात अर्धा इंच, आणि शिवण दिसेल न दिसेल इतकी बारीक हवी. पुढच्या भागात सुईदोरा घेऊन बसू.