तिरंगा, करपा आणि काळं बूड

मे २०२०. टाळेबंदीने बाजार आधीच कोलमडला होता, त्यात जुन्नर, आंबेगाव आणि शेजारच्या संगमनेर-अकोल्यात उन्हाळी टोमॅटोवर पिवळे, हिरवे, लाल चट्टे दिसू लागले. फळ एकसारखं पिकेना. कापलं तर आत काळपट. शेतकऱ्यांनी त्याला नाव दिलं ‘तिरंगा’. काही बातम्यांनी त्याची सांगड थेट करोनाशी घातली आणि चांगल्या मालाचंही गिऱ्हाईक तुटलं. बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेत नमुने तपासले, तेव्हा त्यांत कुकुंबर मोझॅक विषाणू सापडला. तो झाडाचा रोग आहे; माणसाला त्यापासून काहीही होत नाही. बातमी देण्याआधी एवढं तरी विचारायला हवं होतं.

हा विषाणू मावा पसरवतो. रोगट पानात सोंड खुपसली की काही सेकंदांत विषाणू तिला चिकटतो आणि तितक्याच चटकन पुढच्या झाडात उतरतो. फवारणीने मावा मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. लागण झालेलं झाड कोणत्याही औषधाने बरं होत नाही. म्हणून रोपं कीडरोधक जाळीत वाढवायची, बांधावरचं तण काढायचं, आणि पहिलं रोगट झाड दिसताच उपटून बागेबाहेर न्यायचं. परसात चारच झाडं असली तरी हेच करावं, जीव तुटला तरी.

मात्र प्रत्येक पिवळा चट्टा तिरंगा नसतो. पारा तिशीच्या वर टिकला की फळात लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही आणि देठाकडचा भाग पिवळाच राहतो. शेंडा, पानं निरोगी असतील तर दोष उन्हाचा समजावा आणि सावलीची जाळी बांधावी.

फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा, खोलगट डाग आला की बरेच जण बुरशीनाशक आणायला धावतात. तिथे मुळात बुरशी नसते, फळाला कॅल्शियम कमी पडलेलं असतं. तेही बहुधा मातीत असतंच, पण पाण्यासोबत वर चढतं. दोन दिवस कोरडं, तिसऱ्या दिवशी पाट भरून पाणी, असं झालं की फळापर्यंत पोचत नाही. ठिबक, आच्छादन आणि बेताचा युरिया, एवढ्याने नवी फळं स्वच्छ येतात. डागाळलेली काढून टाकावीत.

करपा मात्र बुरशीमुळे किंवा बुरशीसारख्या जिवामुळे येतो. खालच्या जुन्या पानांवर एकात एक वर्तुळांचे तपकिरी ठिपके म्हणजे लवकर येणारा करपा. ढगाळ, गार, दमट हवेत पानांवर पाणी शोषल्यासारखे काळपट डाग झपाट्याने पसरले तर तो उशिरा येणारा. त्यात एका दिवसाची दिरंगाईही महागात पडते. खालची पानं काढून तार-बांबूवर झाड उचलून बांधलं की हवा खेळते आणि दोन्हींना आळा बसतो.

अळीचं नुकसान पान उजेडासमोर धरून पाहावं. नागमोडी पांढरी रेघ म्हणजे नेहमीची नागअळी. पापुद्र्यात रुंद पारदर्शक पोकळी आणि आत काळी विष्ठा दिसली, तर टूटा. दक्षिण अमेरिकेतून जगभर पसरलेली ही कीड भारतात २०१४ मध्ये महाराष्ट्रातच, पुणे परिसरात, प्रथम आढळली. फळाला मोठं भोक आणि अर्धी अळी बाहेर असेल तर ती फळ पोखरणारी. टूटा आणि फळ पोखरणारी, दोघींचे कामगंध सापळे वेगळे, म्हणून आधी ओळख पटवावी. पोखरणारीसाठी झेंडूची ओळही उपयोगी, तिची मादी तिकडे अंडी घालायला जाते. ओळख पटत नसेल तर रोगट फांदी पिशवीत बंद करून नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावी, औषधाच्या दुकानात जाण्याआधी.