खडीचा रस्ता आणि गावाचे जीवन : ठाणे जिल्ह्यातील वाटांची कहाणी

ठाण्याच्या पूर्वेस, खाडीच्या काठी कोपरी वसले आहे. मुंबईहून येणारा पूर्व द्रुतगती महामार्ग याच ठिकाणी लोहमार्ग ओलांडतो. येथील पुलाचे रुंदीकरण 2023 मध्ये पूर्ण झाले. त्यापूर्वी रुंद महामार्गावरून येणाऱ्या वाहनांना या अरुंद पुलापाशी तिष्ठत उभे राहावे लागे. आज वाहने पुलावरून वेगाने निघून जातात. परंतु त्या वाहनांतील फारच थोड्यांना हे ठाऊक असेल की, पुलापासून हाकेच्या अंतरावर एका रस्त्याचे नाव अद्यापही ‘मीठबंदर रोड’ असे आहे. खाडीकाठच्या मिठागरांतील मीठ, उल्हास नदीच्या खोऱ्यातील भात आणि जंगलातील लाकूड ज्या काळी गलबतांतून व पडावांतून जात असे, त्या काळाची ही खूण आहे. पाणी हाच तेव्हा या भागाचा हमरस्ता होता. जमिनीवरचा रस्ता पुष्कळ उशिरा आला. तो कसा आला, कोणाच्या श्रमातून आला आणि त्याने गावाच्या नित्याच्या जीवनात कोणता बदल घडविला, हे समजून घेणे रस्त्यांचा कारभार पाहणाऱ्या सर्वांनाच उपयुक्त ठरेल.

घाट आणि चौमासा

वाहतूक ही कोकणाला नवी नाही. जुन्नरहून कोकणात उतरणारा नाणेघाट सातवाहन काळापासून वापरात आहे. तेथील लेण्यातील शिलालेख आणि घाटमाथ्यावरील दगडी रांजण आजही त्या व्यापाराची साक्ष देतात. परंतु ही वाट पायी चालणाऱ्यांची आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्या बैलांची होती. लमाणांचे तांडे धान्य खाली आणीत आणि मीठ वर नेत. चाकाच्या गाडीला सह्याद्री जवळजवळ बंदच होता. बोरघाटातून गाड्या जाऊ शकतील असा रस्ता 1830 मध्ये, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, खुला झाला.

लोहमार्गाने मात्र वेगाने मजल मारली. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली आगगाडी ठाण्यास पोहोचली. 1854 मध्ये लोहमार्ग खाडी ओलांडून कल्याणपर्यंत गेला आणि 1865 मध्ये थळघाट चढून इगतपुरीस भिडला. स्टेशनालगतची गावे मुंबईच्या जवळ आली. स्टेशनापासून दहा-बारा मैलांवर असलेले मुरबाड किंवा शहापूर तालुक्यातील खेडे मात्र होते तेथेच राहिले. स्टेशनापर्यंत पोहोचण्यास त्याला रस्ता नव्हता. होती ती केवळ शेताच्या बांधावरून आणि ओढ्याच्या पात्रातून जाणारी गाडीवाट, आणि तीही वर्षातून सात-आठ महिनेच उपयोगाची.

या भागात सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतांशी चार महिन्यांतच कोसळतो. मृग लागला की भातखाचरांतील चिखलात गाडीचे चाक तुंब्यापर्यंत रुतत असे. म्हणूनच पावसापूर्वी ‘आगोट’ भरण्याची रीत कोकणात पडली. मीठ, मिरची, सुकी मासळी, तेल, सरपण अशी चार महिन्यांची बेगमी वैशाख-ज्येष्ठात करून ठेवावी लागे. आगोटीकडे आपण आज एक घरगुती प्रथा म्हणून पाहतो. वस्तुतः ती रस्ता नसलेल्या गावाने आपल्यापुरती शोधलेली व्यवस्था होती. ज्याच्या गाठी पैसा नाही त्याला ही बेगमी उसनवारीने करावी लागे. उसने घेतलेले धान्य सुगीला वाढीव मापाने फेडावे लागे. अशा रीतीने रस्त्याचा अभाव कर्जाच्या रूपाने गरिबाच्या घरात शिरत असे.

एका आण्यातील दोन वाटे

इंग्रजी अमदानीत सार्वजनिक बांधकाम खात्याची स्थापना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाली. लष्करी व व्यापारी महत्त्वाचे मोठे मार्ग त्या खात्याकडे गेले. खेड्यापाड्यांतील रस्त्यांसाठी मुंबई इलाख्यात 1863 पासून ‘लोकल फंड’ निर्माण झाला. शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा अधिक घ्यावा आणि त्यातून स्थानिक कामे करावीत, अशी ही योजना होती. या उपकराच्या उत्पन्नाचे दोन तृतीयांश रस्ते व तत्सम कामांसाठी आणि उरलेले एक तृतीयांश शाळांसाठी राखून ठेवीत. गावचा रस्ता आणि गावची शाळा ही अशी एकाच आण्याची भावंडे आहेत, ही गोष्ट आमच्या शिक्षकबंधूंनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. 1884 च्या कायद्याने हा कारभार जिल्हा व तालुका लोकल बोर्डांकडे आला. बोर्डांचे उत्पन्न तुटपुंजे होते आणि पावसाळा दरवर्षी नवे खड्डे पाडीत होता. परिणामी, असलेले रस्ते टिकविण्यातच पुष्कळसा पैसा खर्ची पडे.

कोणी फोडली ही खडी?

रस्ता बांधण्याची जी पद्धत या काळात रूढ झाली, ती स्कॉटलंडमधील जॉन मॅकॅडम या रस्तेबांधणीतज्ज्ञाच्या नावाने ओळखली जाते. तिचे मूळ तत्त्व साधे आहे. रस्त्याचा भार अखेर खालची जमीनच पेलते. ती कोरडी राहिली तर टिकते, भिजली तर खचते. दगडाचा थर हे त्या जमिनीवर घातलेले छप्पर होय. म्हणून प्रथम मोठ्या दगडांचे सोलिंग, त्यावर हाताने फोडलेल्या सारख्या आकाराच्या खडीचा थर, तिच्या फटींत मुरूम, वरून पाणी आणि मग जड रूळ, असा क्रम ठरला. रस्त्याची पाठ मधोमध किंचित उंच ठेवावयाची आणि दोन्ही बाजूंस चर खणावयाचे, की पाणी रस्त्यावर थांबता कामा नये.

ही खडी यंत्राने फोडलेली नव्हती. महाराष्ट्रातील रस्त्यांचा फार मोठा भाग वडार समाजाच्या श्रमातून उभा राहिला आहे. दगड फोडणारे, गाड्यांतून तो वाहणारे आणि मातीकाम करणारे असे त्यांचे निरनिराळे वर्ग होते. काम संपेपर्यंत रस्त्याकडेला पाले ठोकून राहावयाचे आणि काम पुढे सरकले की पालही पुढे न्यावयाचे, असे त्यांचे जीवन होते. दुसरा मोठा श्रम दुष्काळग्रस्तांचा. 1876-78 च्या आणि पुढे 1896-97 व 1899-1900 च्या दुष्काळांत देशावर हजारो स्त्री-पुरुषांनी सरकारी कामांवर खडी फोडून दिवस काढले. 1877 मध्ये मजुरी घटवून पुरुषास दिवसाला एक पौंड धान्य व एक आणा इतकी केली गेली, तेव्हा मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. ज्या रस्त्यांवरून पुढे धान्य सुलभतेने जाऊ लागले, त्यांतील अनेक रस्ते उपाशी माणसांनी बांधलेले आहेत. हे ऋण विसरता येणार नाही.

सातासमुद्रापलीकडील साम्य

ही स्थिती आपल्याकडेच होती असे नाही. अमेरिकेच्या पूर्व भागात ॲपलाचिया नावाची डोंगररांग आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील दऱ्याखोऱ्यांतील वस्त्यांची अवस्था आपल्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या पाड्यांहून फारशी निराळी नव्हती. केंटकी राज्याच्या पूर्व भागात कित्येक ठिकाणी ओढ्याचे पात्र हाच रस्ता असे. प्रौढ पुरुषांनी वर्षातील काही दिवस रस्त्यावर विनामोबदला काम करावे, असा दंडक त्या देशातील अनेक राज्यांत होता. अशा कामात कौशल्य नसे आणि मनही नसे. त्यामुळे रस्ते सुधारत नसत. 1916 मध्ये तेथील मध्यवर्ती सरकारने टपालमार्गांच्या उभारणीसाठी राज्यांना अर्थसाहाय्य देणारा कायदा केला. तरीही 1935 नंतरच्या काही वर्षांत केंटकीच्या डोंगरात स्त्रिया घोड्यांवरून व खेचरांवरून वाचनालयाची पुस्तके घरोघर नेऊन देत होत्या, कारण तेथवर मोटार जाऊच शकत नव्हती.

आपल्याकडेही नेमका हाच धडा गिरविला गेला. खेड्याचा रस्ता खेड्याच्या बळावर होत नाही, ही गोष्ट अधिकृतपणे मांडण्याचे श्रेय एका महाराष्ट्रीयाकडे जाते. 1927 मध्ये बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने 1928 मध्ये अहवाल दिला. रस्त्यांचा विकास प्रांतांच्या व स्थानिक संस्थांच्या आवाक्याबाहेर गेला असून तो राष्ट्रीय हिताचा विषय मानावा, असे तिने सुचविले. त्यातून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे अधिभार बसविण्यात आला आणि 1929 मध्ये मध्यवर्ती रस्ते निधी अस्तित्वात आला. जो रस्ता वापरतो त्याने रस्त्याचा खर्च उचलावा, हे तत्त्व अशा प्रकारे मान्य झाले. डिसेंबर 1943 मध्ये नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने त्यापुढचे पाऊल टाकले. राष्ट्रीय मार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते ही वर्गवारी तिने केली. शेतीच्या विकसित प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, असे उद्दिष्टही तिने पुढे ठेवले.

स्वातंत्र्यानंतर

1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. जेथे रस्ता तेथे एस.टी. हे समीकरण ग्रामीण जीवनात रुजले. बाजार, दवाखाना, माध्यमिक शाळा व कचेरी ही चारही ठिकाणे एका दिवसात गाठून संध्याकाळी घरी परतता येऊ लागले. 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि ग्रामीण रस्त्यांची जबाबदारी लोकनियुक्त प्रतिनिधींकडे आली. 1972-73 च्या भीषण दुष्काळात पुन्हा एकदा रस्त्यांच्या कामांनी लाखो हातांना आधार दिला. परंतु या वेळी एक मूलभूत फरक पडला. त्याच काळात सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेला 1977 च्या कायद्याने अधिष्ठान मिळाले आणि 1979 पासून तो अमलात आला. 1877 मध्ये जे काम सरकारी मर्जीवर होते, ते शंभर वर्षांनी नागरिकाचा हक्क झाले. पुढे 2000 मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आणि 2015 मध्ये मुख्यमंत्री ग्रामसडक योजना यांनी या कार्यास गती दिली.

तथापि कार्य संपलेले नाही. ठाणे आणि 2014 मध्ये त्यातून निर्माण झालेला पालघर जिल्हा यांच्या डोंगरी भागात असे पाडे आजही आहेत, की जेथून गरोदर स्त्रीला डोली करून पक्क्या रस्त्यापर्यंत आणावे लागते. कोपरीच्या पुलावर पाच मिनिटे वाचली तर त्याचे कौतुक होते. पाड्यावर मात्र दोन तासांचा प्रश्न जीवनमरणाचा असतो. रस्त्यांच्या नियोजनात या दोन्हींचे वजन सारखे धरले गेले पाहिजे.

मोरीकडे लक्ष असावे

रस्ता बांधला म्हणजे काम झाले, ही समजूत सर्वांत घातक आहे. पूर्वी ठरावीक लांबीच्या रस्त्यासाठी मैलकुली नेमलेला असे. हातात कुदळ-घमेले घेऊन तो रोज आपल्या मैलावर फिरे, खळगा दिसताच भरी आणि चर तुंबला की मोकळा करी. डांबरीकरणानंतरही मॅकॅडमचे तत्त्व बदललेले नाही. रस्त्याचा शत्रू वाहन नव्हे, साचलेले पाणी होय. बाजूपट्टी रस्त्याहून उंच झाली, मोरीत गाळ भरला, किंवा कोणी चर बुजवून शेतात जाण्याची वाट केली, की दोन पावसाळ्यांत चांगला रस्ता उखडतो.

म्हणून ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी मृगापूर्वी, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीपर्यंत, गावच्या रस्त्यावरून एकदा पायी चालावे. प्रत्येक मोरी दोन्ही तोंडांनी मोकळी आहे की नाही ते पाहावे आणि तुंबलेल्या चरांची नोंद करून ती मासिक सभेपुढे ठेवावी. शिक्षकांनी मुलांना एखाद्या पावसाळी दिवशी रस्त्यावरचे पाणी कोठून कोठे वाहते हे दाखवावे. यापेक्षा सोपा भूगोलाचा पाठ मिळणार नाही. आपल्या पूर्वजांनी साऱ्याच्या रुपयामागे एक आणा देऊन आणि उन्हात खडी फोडून हा वारसा उभा केला. तो पाण्यापासून राखणे एवढे तरी आपल्या हाती आहे.