हातोहात निरोप
आग विझवताना विहिरीपासून रांग लावून बादल्या हातोहात पुढे देतात. बिनतारी संदेशही असेच जातात! २००५ साली इक्वेडोरमधील रेव्हेन्तादोर ज्वालामुखीवर शास्त्रज्ञांनी ३ किलोमीटरच्या पट्ट्यात १६ छोटी यंत्रे मांडली. प्रत्येक यंत्र स्वतःजवळचे हादरे टिपी आणि शेजाऱ्यांच्या नोंदीही पुढे धाडी. १९ दिवसांत ज्वालामुखीच्या २३० हालचाली टिपल्या गेल्या.

ही मदत कशासाठी? मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की संदेश पाठवण्यास चौपट शक्ती लागते. बरोबर मध्ये मदतनीस असेल, तर प्रत्येक टप्प्याला पाव, म्हणजे एकूण निम्मीच शक्ती पुरते. बॅटरीवरील यंत्राला हे मोलाचे! पण मदतनीसच बंद पडला, तर? दुसरा शेजारी शोधावा लागतो. तो न सापडल्यास डोंगर हादरूनही निरोप पोचत नाही.