बटण दाबील यंत्र, जबाबदारी माणसाची

महिनाअखेर जवळ आली की अनेक कार्यालयांत एक ठरलेले दृश्य दिसते. कर्मचारी संगणकावर नोंद उघडतो, ‘पुढे’ हे बटण दाबतो, नंतर ‘जतन करा’, नंतर ‘ठीक आहे’, आणि लगेच पुढची नोंद उघडतो. तीनशे नोंदी असल्या आणि प्रत्येकीसाठी चार वेळा बटण दाबावे लागले, तर बोट बाराशे वेळा तेच काम करते. या कामात बुद्धीला वाव नाही. थकव्यामुळे चूक होण्यास मात्र पुरेसा वाव आहे. हे काम संगणकाकडूनच करून घेता येते. मात्र ते कसे घडते आणि कोठे थांबवावे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

लेखी सूचनांची साखळी

कोणत्या खिडकीतील कोणते बटण कोणत्या क्रमाने दाबावयाचे, याच्या लेखी सूचनांना ‘स्क्रिप्ट’ म्हणतात. विंडोज प्रणालीवर या कामासाठी ‘ऑटोआयटी’ हे साधन १९९९ मध्ये व ‘ऑटोहॉटकी’ हे २००३ मध्ये आले. दोन्ही विनामूल्य मिळतात. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘पॉवर ऑटोमेट डेस्कटॉप’ हे साधन विंडोज १० च्या वापरकर्त्यांना जादा आकार न घेता उपलब्ध करून दिले.

मूळ कार्यक्रमात कोणताही बदल करावा लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय. म्हणूनच जुन्या कार्यक्रमांच्या बाबतीत ती उपयोगी पडते. तथापि, कार्यक्रमातच यादी एकदम भरून घेण्याची सोय असेल, तर प्रथम तिचाच अवलंब करावा.

जागा नव्हे, नाव

बटण शोधण्याच्या दोन रीती आहेत. पहिली जागेची: पडद्याच्या डाव्या कडेपासून इतके बिंदू व वरून इतके बिंदू मोजून तेथे दाबावयाचे. ही रीत सोपी, पण बेभरवशाची आहे. खिडकी थोडी सरकली, किंवा अक्षरे मोठी दिसावीत म्हणून पडद्याचे प्रमाण १०० वरून १२५ टक्के केले, की बोट भलतीकडेच पडते.

दुसरी रीत नावाची. खिडकी, तिच्यातील रकाने व बटणे यांची एक वंशावळच संगणकाकडून मिळू शकते. तीत प्रत्येक बटणाचे नाव, प्रकार आणि कार्यक्रम रचणाऱ्याने दिली असल्यास एक ओळखखूण असते. कार्यक्रमाची भाषा इंग्रजीऐवजी मराठी केली तर ‘सेव्ह’चे ‘जतन करा’ होते आणि नावावर विसंबलेली स्क्रिप्ट अडते. ओळखखूण मात्र सहसा तीच राहते. म्हणून ती असेल तेथे तिचाच आधार घ्यावा.

या वंशावळीचा उगम ध्यानात घेण्याजोगा आहे. दृष्टिहीन व इतर दिव्यांग व्यक्तींना संगणक वापरता यावा, या हेतूने मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये अशी व्यवस्था आणली आणि २००६ मध्ये तिची सुधारित आवृत्ती दिली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने ‘एनव्हीडीए’ हा पडदा वाचून दाखविणारा विनामूल्य कार्यक्रम रचण्यास आरंभ केला. बटणास नाव दिलेले नसेल, तर अशा वाचकाला नुसते ‘बटण’ एवढेच ऐकू येते आणि स्क्रिप्टलाही ते नेमके ओळखता येत नाही. नवीन कार्यक्रम करवून घेताना प्रत्येक बटणास नाव व ओळखखूण असावी अशी अट घातली, तर दोन्ही कामे एकाच वेळी साधतात.

घाईचा धोका

यंत्राला थकवा नाही, तसा संशयही नाही. पुढची खिडकी उघडण्यापूर्वीच सूचना सुटली तर ती वाया जाते. म्हणून ‘दोन सेकंद थांब’ असे सांगण्याऐवजी ‘बटण दिसून दाबण्याजोगे होईपर्यंत थांब’ असे सांगावे.

याहून गंभीर प्रसंग असा. ‘या क्रमांकाची नोंद आधीच आहे. ती बदलावयाची काय?’ अशी चौकट मध्येच उमटते. माणूस येथे थबकेल. ‘होय’ दाबण्याचीच आज्ञा मिळालेली स्क्रिप्ट थबकणार नाही; एखाद्या विधवेच्या निवृत्तिवेतनाची जुनी नोंद क्षणात पुसली जाईल आणि ती कोणी पुसली याचा पत्ताही लागणार नाही. यासाठी अनपेक्षित चौकट दिसताच काम थांबावे, अशी सूचना स्क्रिप्टमध्ये आवर्जून असावी.

कोठे थांबावे?

संगणक रचणाऱ्यांनीही काही बटणे माणसासाठी राखून ठेवली आहेत. विंडोज व्हिस्टापासून, संगणकात मोठा बदल करण्यापूर्वी संमती विचारणारी चौकट सर्वसाधारणपणे वेगळ्या, सुरक्षित पटलावर उमटते. तेथे साध्या स्क्रिप्टचा हात पोहोचत नाही.

हेच तत्त्व कार्यालयाने पाळावे. माहिती भरणे, पान उलटणे, प्रत छापणे ही कामे यंत्राने करावीत. मंजुरी, नामंजुरी, रक्कम अदा करणे व नोंद रद्द करणे यांची बटणे अधिकृत व्यक्तीनेच दाबावीत. स्क्रिप्टमध्ये परवलीचा शब्द लिहून ठेवू नये. प्रथम पाच-दहा नमुना नोंदींवर चाचणी घ्यावी. प्रत्येक वेळी काय दाबले, केव्हा दाबले याची नोंदवही यंत्राकडूनच ठेवून घ्यावी आणि अखेरीस मूळ कागदाशी ताळा पाहावा.

अशा रीतीने वाचलेला वेळ खिडकीपाशी उभ्या असलेल्या नागरिकाचे म्हणणे ऐकण्यासाठी खर्ची पडला, तरच ही सोय सार्थकी लागली असे म्हणता येईल.