सफाई झाली, हे ठरवायचे कोणी?

पवनाकाठच्या शिरगावाहून देहूरोडचे दारूगोळा कोठार फार दूर नाही. अशा कोठाराभोवती बांधकामाला बंदी असते, हे आपण जाणतो. पण शस्त्रनिर्मितीची जागा बंद झाल्यावर तिथली माती आणि पाणी स्वच्छ झाले, हे कोण ठरवते?

अमेरिकेतील हॅनफर्डचे उदाहरण पाहू. कोलंबिया नदीकाठी १९४३ मध्ये उभारणी सुरू झालेल्या या केंद्रात अणुबॉम्बसाठी प्लुटोनियम बनत असे. अणुभट्ट्या थंड ठेवणाऱ्या पाण्यात, नळ गंजू नयेत म्हणून, सोडियम डायक्रोमेट मिसळत. त्यातील विषारी क्रोमियम भूजलातून नदीकडे सरकले.

१९८९ च्या करारानुसार सफाई केंद्राचे ऊर्जा खाते करते. त्यावर वॉशिंग्टन राज्य आणि केंद्राची पर्यावरण संस्था अंकुश ठेवतात. याकामा आदिवासींना १८५५ च्या तहाने मासेमारीचा हक्क आहे. म्हणून तेही सफाईवर लक्ष ठेवतात.

याचे महत्त्व आकड्यांत दिसते. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरला १०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. नदीतील जीवांसाठी मात्र राज्याने या विषारी क्रोमियमची मर्यादा १० ठेवली होती; सामन मासे अंडी घालतात ती नदीतळाच्या खड्यांत, आणि तिथेच भूजल झिरपते.

पाणी कोणासाठी स्वच्छ, हे विचारणारा तपासनीस बाहेरचाच हवा. आपला पेपर आपणच तपासून कसे चालेल?