मॉरिस मायनरचे ब्रेक आणि जादा दिवे

अ‍ॅलेक इसिगोनिस यांच्या आराखड्यानुसार १९४८ साली इंग्लंडमध्ये अवतरलेल्या मॉरिस मायनर या मोटारीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, म्हणजे फिरत्या ड्रमच्या आतल्या बाजूस घर्षणपट्ट्या दाबून वेग कमी केला जाई. लांब उतारावर ड्रम तापला की ही पकड सैल होते; म्हणून आज अशी गाडी नियमित चालवणारे पुढच्या चाकांना उघड्यावर थंड होणारे डिस्क ब्रेक बसवतात. पुढच्या ड्रममधील पट्ट्या फिरत्या ड्रमबरोबर ओढल्या जाऊन आपोआप अधिक घट्ट बसतात, डिस्कमध्ये मात्र तसे घडत नाही, त्यामुळे पायाचा जोर वाढवावा लागतो किंवा इंजिनातील निर्वाताच्या साहाय्याने तो वाढवणारा सर्व्हो जोडावा लागतो. शिवाय ड्रमसाठी ब्रेकच्या द्रवाच्या नळीत थोडा दाब राखून ठेवणारी झडप मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पायाच्या जोराने त्या द्रवात दाब निर्माण करणाऱ्या भागात, तशीच राहिली, तर डिस्कवरील पॅड सतत घासत राहतात. ही बाब हमखास दुर्लक्षित होते आणि ती खरोखर घातक आहे.

जादा दिव्यांचा प्रश्न विजेचा आहे. नंतरच्या मायनरमधील लुकास सी-४० डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, तोही इंजिन वेगात असताना. ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर त्यातले सुमारे ९ अँपिअर घेतात. हा प्रवाह जुन्या स्विचमधून न नेता रिलेमधून, म्हणजे अल्प प्रवाहाने चालणाऱ्या विद्युतचुंबकीय स्विचमधून, स्वतंत्र फ्यूज घालून न्यावा. या गाडीच्या सांगाड्याला बॅटरीचे धन टोक जोडलेले असल्याने एलईडी दिवे घेताना ध्रुवता तपासणे अत्यावश्यक ठरते.